भंगारातला सर्व्हर



"मॅगझीनच्या मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल दे, पण सगळ्यांना कळेल असं," असं संपादक मंडळाने सांगितलं आणि सबमिशनच्या गडबडीत मी हो म्हणून बसले. आधीच सांगते, हार्ड डिस्कला मी हार्ड डिस्कच म्हणणार आहे. शुद्ध मराठी शब्द शोधत बसले तर हा लेख पुढच्या वर्षीच्या अंकात येईल. आणि रेक्टर मॅडम वाचत असतील तर आणखी एक खुलासा : मी ज्या सर्व्हरबद्दल लिहितेय तो साताऱ्याला आमच्या घरी, टीव्हीच्या कपाटात आहे. हॉस्टेलच्या रूममध्ये नाही. शप्पथ!

तर विषय असा, की घरी सर्व्हर लावायचा असेल तर स्वस्तातलं किंवा सेकंड हँड हार्डवेअर कसं निवडायचं. मी दोन वर्षांत तीन मशीन बदलली. पहिलं आईने बंद पाडलं. दुसऱ्याने माझं जे नुकसान केलं ते भरून येणार नाही. तिसरं चालू आहे. तेव्हा हा काही एक्स्पर्टचा सल्ला नाही, ठेच लागलेल्या मुलीचा आहे.

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांसाठी एक वाक्य : सर्व्हर म्हणजे काही वेगळा प्राणी नाही. चोवीस तास चालू असलेला, घरातल्या सगळ्यांना फाइली पुरवणारा कंप्युटर म्हणजे सर्व्हर. त्याला मॉनिटर लागत नाही, कीबोर्ड लागत नाही, गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड तर नाहीच नाही. आमच्या घरी तो लागला कारण १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अनलिमिटेड फुकट जागा बंद झाली, आणि पुढच्या दोनेक वर्षांत आईचे पंधरा जीबी भरले. आईच्या फोनमध्ये रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर "शुभ प्रभात" येतं, त्यातलं एकही ती डिलीट करत नाही. दर महिन्याला पैसे भरून जागा घ्यायला बाबा तयार नव्हते. मी म्हटलं, मी इंजिनिअरिंगला आहे ना, मी करते! (हे वाक्य घरी कधीही बोलू नये.)

मे २०२४. फर्स्ट इयर संपलेलं, अंगात भरपूर उत्साह. बाबांच्या एका मित्राच्या ऑफिसातून जुनी यंत्रं निघत होती, त्यात एक खराखुरा रॅक सर्व्हर भंगाराच्या भावात मिळाला. दोन प्रोसेसर, दोन पॉवर सप्लाय, पुढे डिस्कचे सहा कप्पे. उचलायला मी आणि बाबा असे दोघे लागलो. कपाटात मावेना, कारण ही यंत्रं सर्व्हर रूममधल्या रॅकसाठी बनवलेली असतात आणि त्यांची खोली आपल्या कपाटाच्या जवळपास दुप्पट असते. मग ठेवला दिवाणाखाली. बटण दाबलं आणि आतल्या पंख्यांनी जो आवाज केला, तो ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मिक्सर कुणी चालू ठेवलाय?"

आवाज नंतर थोडा कमी झाला, पण थांबला कधीच नाही. तरी आवाजाची सवय होते. बिलाची होत नाही.

इथे जरा हिशेब करू, कारण माझ्या मते या अख्ख्या विषयात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. लोक किंमत बघतात, प्रोसेसर बघतात, रॅम बघतात. नुसतं बसून असताना मशीन किती वॅट खातं, हे कुणी विचारत नाही. आणि घरचा सर्व्हर दिवसातले तेवीस तास नुसता बसूनच असतो! आई रात्री फोटो चढवते तेवढीच त्याला मेहनत. म्हणून फुल लोडचा आकडा विसरा, आयडलचा आकडा विचारा.

आमचा रॅक सर्व्हर काही न करता १४० वॅट घेत होता. १४० गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे महिन्याला साधारण १०० युनिट. हिशेब सोपा जावा म्हणून युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला हजार रुपये. त्यात आणखी एक गंमत. घरगुती वीजबिलात ० ते १००, १०१ ते ३०० असे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग पडतं. आमचं घर तोवर शंभरच्या आत असायचं. म्हणजे सर्व्हरची जवळजवळ सगळी युनिटं वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन पडली. जुलैचं बिल आलं, दुपटीच्या वर. बाबा काही बोलले नाहीत, बिल फक्त टीव्हीसमोर टेबलावर ठेवून दिलं. त्या रात्री आईने दिवाणाखाली हात घालून प्लग काढला.

वॅट मोजायला प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर मिळतो, तो मी पुढे घेतला. पण तो नसला तरी अडत नाही. घराच्या वीजमीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी छापलेलं असतं की किती लुकलुकींचा एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं, फ्रीजसकट, दहा मिनिटं बंद करायचं, फक्त सर्व्हर चालू ठेवायचा आणि दोन लुकलुकींमधला वेळ मोबाइलवर मोजायचा. १४० वॅटला दर आठ सेकंदांनी एक लुकलुक येते. ९ वॅटला दोन मिनिटं वाट बघावी लागते. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला यापेक्षा कंटाळवाणे प्रयोग आपण केलेत.

रॅक सर्व्हर गेला आणि त्याच्या जागी बाबांचा जुना टॉवर आला. माळ्यावर पडून होता, फुकट होता. तो आयडलला ६० वॅट घेतो. म्हणजे महिन्याला ४३ युनिट, ४३० रुपये. "फुकट" हा शब्द इथे फसवतो. आता जे मशीन आहे ते ९ वॅट घेतं, महिन्याला साडेसहा युनिट, ६५ रुपये. दोन्हींतला फरक महिन्याला ३६५ रुपयांच्या आसपास. ते मशीन मला साडेसात हजारांना पडलं. भागाकार करून बघा, वीस-एकवीस महिन्यांत फुकटच्या टॉवरने त्याची किंमत नुसत्या विजेत खाल्ली असती, आणि त्यापुढेही खातच राहिला असता.

पण टॉवरची खरी गोष्ट विजेची नाही.

टॉवरमधली मूळ डिस्क १६० जीबीची. फोटोंना जागा हवी म्हणून मी जुन्या बाजारातून दोन टीबीची सेकंड हँड डिस्क घेतली. विकणारा म्हणाला, "एकदम ओके आहे ताई, लावून बघा." लावली, चालली, मी खूश. आईचे फोटो टाकले, ताईच्या लग्नाचे टाकले, आणि माझ्या फोनमधली जागा संपत आली होती म्हणून आजोबांची रेकॉर्डिंग्जही टाकली.

आजोबा एसटीत ड्रायव्हर होते. आंबेनळी घाटात मुक्कामाची गाडी नेलेली, धुक्यात क्लीनरला पुढे चालवत नेलेली, असले किस्से. २०२१ च्या लॉकडाउनमध्ये दुपारी ते सांगायचे आणि मी फोनवर रेकॉर्ड करायचे. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे दर पाच मिनिटांनी त्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज येतो, "म्हणजे काय?" आणि ते गोष्ट थांबवून शब्दाचा अर्थ सांगतात. अशी अकरा रेकॉर्डिंग्ज होती. २०२३ मध्ये आजोबा गेले. ती फोनमधून सर्व्हरवर टाकताना मी कॉपी नाही केली. मूव्ह केली. कारण आता ती "सर्व्हरवर" होती ना, म्हणजे सेफ!

२०२४ च्या दिवाळीत घरी गेले तर फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागायला लागली. तेव्हा कुठे मी डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट काढून पाहिला. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःची तब्येत स्वतःच लिहून ठेवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. लिनक्सवर स्मार्टसीटीएल नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती वही वाचता येते, विंडोजवरही फुकट प्रोग्राम आहेत. दोन मिनिटांचं काम. माझ्या डिस्कवर चालू असलेले तास होते ४१,३१८. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे ती डिस्क माझ्याकडे येण्याआधीच चार वर्षांहून जास्त अखंड फिरून आलेली होती. नंतर एका सीनियरने सांगितलं, अशा डिस्क बऱ्याचदा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून निघतात. रात्रंदिवस रेकॉर्डिंग करून दमलेल्या, वरून पुसून बाजारात आलेल्या.

तास एक वेळ चालतील. त्याच रिपोर्टमध्ये पेंडिंग सेक्टर ६४ होते, ते चालत नाहीत. डिस्कचा एखादा तुकडा वाचता येईनासा झाला की डिस्क त्याला "पेंडिंग" म्हणून नोंदवते. तो अगदीच गेला की राखीव जागेतला तुकडा त्याच्या जागी वापरते, त्याची नोंद "रीअलोकेटेड" म्हणून होते. हे दोन आकडे शून्य हवेत. शून्य म्हणजे शून्य. "थोडेसे आहेत" असं इथे नसतं, एकदा सुरू झाले की वाढत जाण्याचीच शक्यता जास्त. "सीआरसी एरर" म्हणून एक तिसरा आकडा असतो. तो वाढलेला दिसला तर आधी केबल बदलून बघा, त्यात बऱ्याचदा डिस्कचा दोष नसतो.

आकडे बघून मी घाबरले आणि नेमकी चूक केली. मशीन बंद-चालू करत राहिले, एकेक फोल्डर उघडून बघत राहिले. अशा वेळी करायचं एकच : डिस्कला कमीत कमी त्रास देत दुसऱ्या चांगल्या डिस्कवर तिची अख्खी प्रत उतरवून घ्यायची. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम त्यासाठीच आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि खराब जागांकडे शेवटी वळतो. मी हे केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कमधून टक्... टक्... असा आवाज येऊ लागला. त्यानंतर काही आलं नाही. डेटा रिकव्हरीवाल्याने हेड गेलंय म्हणून सांगितलं, खर्चाचा आकडा माझ्या सेमिस्टरच्या मेस बिलापेक्षा मोठा सांगितला, आणि गॅरंटी काहीच दिली नाही.

आईचे बरेच फोटो तिच्या फोनमध्ये अजून होते. ताईच्या लग्नाचे फोटोग्राफरकडून परत मिळाले. आजोबांच्या अकरांपैकी तीन रेकॉर्डिंग्ज मी कधीतरी आत्याला व्हॉट्सअॅपवर पाठवली होती, तेवढी राहिली. घाटातल्या धुक्याचं त्यात नाही.

म्हणून माझा नियम आता असा आहे : मशीन जुनं घ्या, बिनधास्त घ्या. ज्या डिस्कवर जिवाभावाचं ठेवायचं ती जुनी घेऊ नका. मशीन बिघडलं तर तसंच दुसरं चार दिवसांत मिळतं. लोक करतात नेमकं उलट. झगमगीत नवीन मशीन घेतात आणि पैसे संपले म्हणून डिस्क बाजारातून उचलतात. आणि "नवीन" म्हणून मिळालेली डिस्कही तपासून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत उघडकीला आलं की सीगेटच्या काही वापरलेल्या मोठ्या डिस्क, स्मार्टमधले तास शून्य करून, दुकानांतून नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. पकडल्या गेल्या त्या फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदवहीमुळे. सीगेटच्या डिस्कमध्ये ती वेगळी असते आणि त्यात खरे तास तसेच राहिले होते. स्मार्टसीटीएलच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत ही वहीसुद्धा वाचता येते. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर डिस्क सरळ परत करा.

आता तिसऱ्या मशीनकडे. मे २०२५ मध्ये मी मामाकडे दादरला होते. मामेभावाला बरोबर घेतलं, स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण तसं विचारलंत तर कुणी पटकन सांगायचं नाही.) मला हवा होता ऑफिसातला छोटा डबा. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी, हे तिघे सख्खे भाऊ समजा. जाडजूड डिक्शनरीएवढा आकार, आत लॅपटॉपसारखी मांडणी, बाहेर लॅपटॉपसारखाच अडॅप्टर. बँका, कॉल सेंटर, कंपन्या असली मशीन शेकड्यांनी घेतात आणि काही वर्षांनी एकदम काढून टाकतात. त्यामुळे बाजारात ती भरपूर असतात, आणि बहुतेकांचं आयुष्य एसीत, टेबलावर, एक्सेल उघडून बसण्यात गेलेलं असतं.

त्यातही भाव पडण्याचं एक खास कारण आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडचे प्रोसेसर यादीतून वगळले, अगदी मोजके अपवाद सोडून. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीची, हातापायांनी धडधाकट असलेली मशीन ऑफिसांच्या दृष्टीने म्हातारी झाली. आपल्याला त्यावर लिनक्स टाकायचंय, आपल्याला काय फरक पडतो? माझं मशीन आय-५ ६५००टी आहे, २०१५ सालचा प्रोसेसर, चार कोअर. फोटो, फाइली, घरातल्या टीव्हीवर सिनेमे, एवढ्याला रेलचेल होते. नावाच्या शेवटी "टी" असलेला बघा. तो कमी उष्णता काढणारा, ३५ वॅटचा प्रकार असतो. सिनेमे जास्त बघणार असाल तर सातवी पिढी शोधा, तिच्यातला व्हिडिओचा भाग दहा-बिटचे एचईव्हीसी व्हिडिओ स्वतः उलगडतो, सहावीला ते नीट झेपत नाही.

दुकानात जाताना खिशात लिनक्सचा पेन ड्राइव्ह घेऊन जा. "विंडोज चालू आहे मॅडम, देखो ना" यावर समाधान मानू नका, पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून दाखवा म्हणा. यात पहिली गोष्ट कळते ती बायॉसला पासवर्ड आहे का. ऑफिसातून निघालेल्या मशीनला पुष्कळदा असतो, आणि तो दुकानदारालाही माहीत नसतो. असं मशीन अर्ध्या किमतीत मिळालं तरी सोडा. पासवर्ड नसेल तर बायॉसमध्ये जाऊन "वीज गेल्यावर परत आली तर काय करायचं" हे सेटिंग शोधा. डेलमध्ये त्याला एसी रिकव्हरी म्हणतात, लेनोवोत आफ्टर पॉवर लॉस. ते "ऑन" करता आलं पाहिजे. नाहीतर साताऱ्यात लाइट गेली, आली, की तुम्ही हॉस्टेलमध्ये आणि सर्व्हर झोपलेला, आणि फोनवर आईला "पुढचं गोल बटण दाब, नाही ते नाही, दुसरं" हे नाटक सुरू. मी केलंय ते, टॉवरच्या वेळी.

अडॅप्टर मूळ कंपनीचा, मशीनबरोबरच घ्या. डेलची मशीन अडॅप्टर ओळखतात, अनोळखी लावला तर तक्रार करतात आणि प्रोसेसरचा वेग पाडतात. घड्याळ चुकीचं दाखवत असेल तर आतला बटण सेल संपलाय, तो वीस-तीस रुपयांचा प्रश्न आहे, पण भाव करताना तोंड वाकडं करायला उपयोगी पडतो. एक अडचण आम्हाला ऐनवेळी आली : माझ्या मशीनला एचडीएमआय नव्हतंच, फक्त डिस्प्लेपोर्ट. दुकानात केबल होती म्हणून निभावलं. रॅम आठ जीबी आलेली, एकाच पट्टीत, दुसरा खाचा रिकामा, म्हणजे पुढे वाढवायला जागा. ती तेव्हा वाढवली नाही याचं आता वाईट वाटतं. २०२५ च्या शेवटी रॅमचे आणि एसएसडीचे भाव जे चढले, ते बघून मला माझ्या साडेसात हजारांच्या डब्यावर जास्तच प्रेम आलंय.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. रास्पबेरी पाय सगळ्यांच्या तोंडात असतो. छान आहे, तीन-चार वॅटवर बसतो, ईटीसीच्या पोरांना पिना मिळतात. पण अडॅप्टर, केस, कार्ड, शिवाय डेटासाठी एसएसडी आणि तिची जोडणी, असं सगळं धरलं की सेकंड हँड डब्याच्या किमतीला येऊन भिडतो. नुसत्या मेमरी कार्डवर चालवला तर मध्येच वीज गेल्यावर कार्ड खराब होण्याची भीती असते. विजेतली बचत महिन्याला चाळीसेक रुपये. तुम्हाला प्रोजेक्टला लागणारच असेल तर घ्या, फक्त सर्व्हरसाठी नको असं माझं मत.

जुना लॅपटॉप मात्र मला मनापासून आवडतो. स्क्रीन फुटलेला, बिजागरी मोडलेला लॅपटॉप कुणालाच नको असतो, आणि सर्व्हरला स्क्रीन लागतच नाही! वीज कमी खातो, आणि बॅटरी म्हणजे घरचाच यूपीएस. फक्त ती बॅटरी वर्षभर चार्जरला लावलेली राहणार, तेव्हा फुगते का याकडे लक्ष हवं. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, बूड टेबलावर नीट टेकेना, की बॅटरी काढून टाका, उद्यावर ढकलू नका. बायॉसमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावून ठेवा. आमच्या विंगमधल्या एकीने असाच लॅपटॉप घरी लावलाय आणि तिचा खर्च शून्य आहे. (ती हे दर जेवणाला ऐकवते.)

छोट्या डब्याला बॅटरी नसते, म्हणून यूपीएस लागतो. वळवाच्या पावसात आमच्याकडे लाइट दहा मिनिटांत चारदा जाते-येते. साधा ६०० व्हीए यूपीएस पुरतो. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, कागदावर ८४ वॅट-अवर. प्रत्यक्षात त्यातलं बरंच वाया जातं, तरी डबा आणि राउटर मिळून वीस वॅट धरले तर तास-दीड तास निघतो. टॉवरला तोच यूपीएस जेमतेम पंधरा-वीस मिनिटं द्यायचा. म्हणजे कमी वॅटचा फायदा इथे पुन्हा दिसतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च आधीच धरा.

आता डिस्कची मांडणी. डब्यात जुनीच २५६ जीबीची एसएसडी आहे, तिच्यावर फक्त लिनक्स. ती उद्या मेली तरी मला दोन तासांचं काम, रडायचं कारण नाही. डेटासाठी नवीन एक टीबीची एसएसडी, आत अडीच इंचाच्या जागेत. एक नवीन यूएसबी हार्ड डिस्क कपाटात असते. आई दर रविवारी ती लावते, बॅकअप आपोआप होतो, आई ती काढून ठेवते. कायम लावून ठेवत नाही, कारण वीज कडाडली तर दोन्ही एकदम जायला नकोत. आणि तिसरी प्रत माझ्या हॉस्टेलच्या कपाटात, कपड्यांखाली. दर सुट्टीत घरी नेते, ताजी करून आणते.

"दोन डिस्क रेडमध्ये लाव ना, बॅकअप कशाला?" असं मला वर्गातल्या तिघांनी तरी विचारलंय. रेडमध्ये एक डिस्क मेली तरी मशीन चालू राहतं, एवढंच. आईने चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. माझ्यासारख्या मूव्ह करणाऱ्या मुलीला रेड वाचवू शकत नाही.

दर सुट्टीत मी अजून एक करते. बॅकअपमधून चार-पाच फाइली कशाही उचलून दुसऱ्या मशीनवर उघडून बघते. त्यात आजोबांची एक असतेच. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये चौदाव्या मिनिटाला ते "पासंग" शब्द वापरतात, मी "म्हणजे काय?" विचारते, आणि ते तराजूचं उदाहरण देऊन समजावतात. तेवढं पूर्ण वाजलं की फाइल ठीक आहे असं समजते.

वॅटमीटर हॉस्टेलवर माझ्याकडेच आहे. ज्यांना घरच्या जुन्या मशीनचे वॅट मोजायचे असतील त्यांनी सुट्टीला जाताना घेऊन जा. वहीत नाव लिहा, आणि आल्यावर परत आणा. मागच्या वेळी तो दीड महिना थर्ड फ्लोअरला गीझर मोजत बसला होता.